पतीची थकबाकी आणि पत्नीचा उंबरठा

दिवाळीच्या दिवशी, म्हणजे भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, आपण नव्या वह्यांचे पूजन करतो. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, 'शुभ' आणि 'लाभ' लिहितो आणि आगामी वर्षाचे देणेघेणे नीट राहो अशी प्रार्थना करतो. पूजेची तयारी घरातील स्त्रिया करतात, आरतीचे तबकही त्यांच्याच हाती असते. परंतु पूजा आटोपली की ती वही दुकानात जाते, आणि तिच्यात पुढे काय लिहिले जाते हे त्या स्त्रियांना बहुधा कधीच कळत नाही. ज्या दिवशी कळते, तो दिवस सहसा चांगला नसतो.

वार्षिक स्मरणिकेत सभासदांचा उत्कर्ष, नव्या पेढ्या, मुलामुलींचे यश यांविषयी लिहिण्याचा प्रघात आहे. तो सोडून पतीच्या जुन्या कराच्या थकबाकीसाठी पत्नीच्या दारी येणाऱ्या जप्तीविषयी आम्ही लिहावे, हे काहींना अप्रशस्त वाटेल. तथापि ज्या गोष्टीविषयी आपण बोलत नाही, तीच आपल्या घरांत अधिक घात करते, असा आमचा अनुभव आहे. सबब हा विषय येथे मांडीत आहोत.

काही वर्षांपूर्वी आमच्या लोहारद्यात घडलेली गोष्ट सांगतो. एका धान्याच्या व्यापाऱ्यास निवर्तून नऊ वर्षे झाली होती. दुकान केव्हाच बंद झाले होते. मागे राहिले होते काय, तर एक जुना तराजू, थोडे सामान आणि बाजारातले काही येणे, जे कधी वसूल झालेच नाही. मुलगी सासरी, मुलगा परगावी नोकरीत, आणि घरी एकट्या त्यांच्या पत्नी. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास वसुलीचे दोघे कर्मचारी दारात उभे राहिले. विक्रीकराच्या काळातील मागणी होती आणि तिच्यावर व्याज चढले होते. 'कुर्की' हा शब्द आमच्या भागात पोराटोरांनाही ठाऊक आहे. तो कानी पडताच त्या बाईंचे अवसान गळाले. शेजारीपाजारी ओट्यावर आले. आम्हीही आलो. कोणी पुढे होऊन कागद वाचला नाही. बाईंनी मुदत मागून घेतली आणि तिसऱ्या दिवशी माहेरून आलेल्या आपल्या चार बांगड्या सराफाकडे दिल्या. पैसे भरले गेले, कर्मचारी गेले, ओटेही रिकामे झाले.

पुढे दोन महिन्यांनी मुलगा आला आणि त्याने वडिलांच्या कागदांचे बासन सोडले. त्यात त्याच वर्षाची चलने निघाली. मागणीपैकी मोठी रक्कम त्या गृहस्थाने हयातीतच भरली होती. ती खात्यात वळती झालेली नव्हती एवढेच. उरलेल्या रकमेपुरतीही त्यांच्या मागे मालमत्ता नव्हती, आणि माहेरच्या बांगड्यांचा तर तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. पुढे अर्ज झाले, काही पैसे परतही आले. बांगड्या आल्या नाहीत. त्या बाईंनी आम्हांस एकच प्रश्न विचारला, "भाऊ, तुम्ही सारे इतके हिशेबी लोक, त्या दिवशी एकानेही तो कागद का वाचला नाही?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तेव्हा नव्हते आणि आजही नाही. हा लेख म्हणजे उत्तर नव्हे. तसा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून केलेली ही खटपट आहे.

आपल्या मुलखात हा प्रश्न नवा नाही. मराठेशाहीत सरकारी येणे थकले की थकबाकीदाराच्या दारी 'मोहसल' बसे, आणि त्याचा खर्च 'मसाला' म्हणून त्याच थकबाकीदाराकडून घेतला जाई. परंतु याच मुलखात त्याच्या उलट असाही एक दाखला घडलेला आहे. सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात तो नोंदविला आहे. देवीचंद नावाचा एक धनिक सावकार निपुत्रिक वारला. इंदुराजवळ तळ देऊन असलेल्या तुकोजी होळकरांनी रूढीचा आधार घेऊन त्याच्या संपत्तीत वाटा घेण्याचे मनात आणले. त्याच्या विधवेने महेश्वरास जाऊन अहिल्याबाईंकडे दाद मागितली. बाईंनी तिला वस्त्रे देऊन घराची व धनाची मालकीण म्हणून कायम केले, आणि तुकोजींना तळ हलवून शहरास उपद्रव न देण्याची ताकीद दिली. नेमावर परगणा होळकरांकडे होता आणि शेजारी देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीचे पवार होते. तेव्हा ही हकीकत आपल्याला परकी नाही. तीतील एक बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या विधवेला महेश्वरपर्यंत जाता आले, कारण आपला हक्क काय आहे हे तिला माहीत होते.

१९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५० पासून केंद्राचा आयकर या भागास लागू झाला, आणि १९५६ साली मध्य प्रदेश राज्य बनले. तेव्हापासून आपला संबंध राजाच्या मर्जीशी नसून लिखित कायद्याशी आहे. मर्जी राखावी लागते. कायदा मात्र वाचावा लागतो. तो वाचल्यास असे दिसून येते की पत्नीच्या बाबतीत तो आपण समजतो तितका निर्दय नाही आणि आपण समजतो तितका भोळाही नाही.

प्रथम मुख्य तत्त्व पाहू. पती हयात असता त्याचा कर हे पत्नीचे देणे नव्हे. विवाहाने संसार एक होतो, करदाते दोन ते दोनच राहतात. पतीच्या मृत्यूनंतर ती वारस या नात्याने कायदेशीर प्रतिनिधी ठरते खरी. परंतु १९६१ च्या आयकर अधिनियमाप्रमाणे तिची जबाबदारी मृताच्या मालमत्तेतून जेवढे देणे भागू शकेल तेवढ्यापुरतीच असते. मात्र येथे एक मेख आहे. कर बाकी असताना वारसाने ती मालमत्ता विकली वा गहाण टाकली, तर तेवढ्या किमतीपुरती जबाबदारी त्याच्या अंगावर जाते. सबब घरात मृत्यू झाल्यावर घाईने काही विकण्यापूर्वी कराची बाकी पाहून घ्यावी. २०२५ चा नवा आयकर अधिनियम १ एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षांसाठी आहे. त्यापूर्वीच्या वर्षांच्या बाकीचा निवाडा जुन्याच अधिनियमाने व्हावयाचा आहे.

पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य आहे, असे जुने हिंदू धर्मशास्त्र सांगे आणि न्यायालयेही ते मानीत. २००५ च्या दुरुस्तीनंतर झालेल्या कर्जांसाठी केवळ त्या आधारावर पुत्रावरही दावा चालत नाही. पत्नीवर तर हे कर्तव्य त्या शास्त्राने कधीच लादले नव्हते. जे शास्त्राने लादले नाही आणि कायद्यानेही लादले नाही, ते शेजाऱ्यांच्या नजरेने लादावे, हे कोणत्या न्यायात बसते?

आता जप्तीविषयी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने काही वस्तूंना जप्तीतून वगळले आहे. नेसण्याचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने त्यात येतात. आयकराच्या वसुलीसही हीच सूट लागू आहे. राज्याचे कर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होतात, आणि मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेतही अशीच तरतूद आहे. आयकराची जंगम मालाची जप्ती सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वीच करावी लागते. जप्ती थकबाकीच्या मानाने अवाजवी असता कामा नये, आणि जप्त मालाची यादी करावी लागते. जप्त केलेली वस्तू थकबाकीदाराची नसून आपली आहे असे कोणाचे म्हणणे असेल, तर त्याची चौकशी करणे आयकर वसुली अधिकाऱ्यास भाग आहे; तेथे दाद न लागल्यास दिवाणी दावा करता येतो.

स्त्रीधनाविषयी तर शंकेस जागाच नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने, जो आपणां जैनांसही लागू आहे, स्त्रीच्या मालमत्तेवर तिचा पूर्ण हक्क प्रस्थापित केला. १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे सर्वस्वी पत्नीचेच असल्याचे सांगितले. परंतु हक्क असणे निराळे आणि दारात उभ्या असलेल्या माणसास तो दाखविता येणे निराळे. माहेरून काय आले, केव्हा आले, त्याची पावती कोठे आहे, याची यादी आपल्यापैकी किती घरांत आहे? लग्नातील आहेराची वही आपण पन्नास वर्षे जपतो, कारण ती फेड करावयाची असते. स्त्रीधनाची वही मात्र कोणी ठेवीत नाही.

बँकेतील संयुक्त खात्याविषयीही जाणून घ्यावे. आयकराच्या थकबाकीसाठी बँकेस नोटीस गेल्यास संयुक्त खात्यातील हिस्से, उलट सिद्ध होईपर्यंत, समसमान मानले जातात. अर्थात् पत्नीने आपल्या कमाईची वा माहेरची रक्कम पतीच्या बरोबरीच्या खात्यात ठेवली, तर निम्मी रक्कम आपली नाही असे गृहीत धरले जाईल आणि ती आपली असल्याचे तिलाच सिद्ध करावे लागेल. याउलट, १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या अधिनियमात एक उपयुक्त कलम आहे. पतीने आपल्या आयुष्याचा विमा पत्नीच्या किंवा मुलांच्या लाभासाठी उतरविल्याचे त्या विमापत्रावर नमूद असेल, तर ती रक्कम त्यांच्या विश्वस्त निधीसारखी राहते आणि पतीच्या धनकोंना तिच्यावर हात टाकता येत नाही. धनकोंना बुडविण्याच्या हेतूने विमा उतरविला असल्यास मात्र विम्याच्या रकमेतून आपले येणे घेण्याचा त्यांचा हक्क राहतो. १९२३ च्या दुरुस्तीने हे कलम हिंदू, मुसलमान, शीख व जैन यांस स्पष्ट नावानिशी लागू केले. शंभर वर्षे होऊन गेली. आपल्यापैकी किती जणांच्या विमापत्रावर तशी नोंद आहे?

येथपर्यंत कायद्याची एक बाजू झाली. दुसरी बाजू आपल्यालाच ऐकावयास जड जाईल. तरीही ती सांगितली पाहिजे. पत्नीच्या नावाचा उपयोग ढालीसारखा करण्याची खोड आपल्या व्यापारी समाजास आहे. देणे अंगावर येऊ लागले की घर तिच्या नावे, प्लॉट तिच्या नावे, ठेव तिच्या नावे. या युक्तीस कायद्याने केव्हाच उत्तर दिले आहे. १ जून १९७३ पासून पुढे पुरेसा मोबदला न घेता पत्नीस, अज्ञान अपत्यास, सुनेस किंवा मुलाच्या अज्ञान अपत्यास दिलेली मालमत्ता ही आयकराच्या वसुलीपुरती देणाऱ्याचीच धरली जाते. म्हणजे ढाल तर निकामी ठरतेच, वर जप्तीचा अधिकारी पत्नीच्या नावाच्या घरावर अगदी कायदेशीरपणे येतो.

याहून घातक प्रकार म्हणजे तिला कागदोपत्री भागीदार करणे. भागीदारी पेढीच्या करास सर्व भागीदार संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार असतात. जिने पेढीची पायरी कधी चढली नाही, नफ्याचा पैसा कधी पाहिला नाही, तिच्या स्वतःच्या मालमत्तेवर सगळी बाकी येऊ शकते. खासगी कंपनीत संचालक म्हणून तिचे नाव घातले, तर कंपनीकडून कर वसूल न होण्यास आपला गंभीर निष्काळजीपणा कारण नव्हता, हे तिला दाखवावे लागते. आणि २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे पतीच्या मृत्यूनंतर धंदा बंद झाला तर वारसाची जबाबदारी मृताच्या मालमत्तेपुरती राहते. परंतु वारसाने तोच धंदा पुढे चालविला, तर मागची बाकी त्याच्यावरच येते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सुनेला किंवा वहिनीला गादीवर बसविण्यापूर्वी ही गोष्ट तिच्या कानी घालणे हे आपले कर्तव्य नव्हे काय?

यावर कोणी म्हणेल की स्त्रियांना बचावाचे मार्ग शिकविणे म्हणजे कर बुडविण्यास उत्तेजन देणे होय. आम्हांस ते मान्य नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' मोजलेला आहे. ज्याने कर चुकविला त्याने व्रत मोडले, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. खरे देणे मृताच्या मालमत्तेतून सर्वांआधी भागवावे, त्यात कुचराई करू नये. परंतु एकाच्या देण्यासाठी दुसऱ्याचे धन घेणे हेही न्याय्य नव्हे. आणि ते भीतीने, अज्ञानाने, ओट्यावरच्या नजरांच्या धाकाने दिले जात असेल, तर त्यास दान किंवा कर्तव्य म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा येतो की धंद्याची काळजी घरात कशाला न्यावी. या आक्षेपामागे प्रेम असते हे आम्ही जाणतो. परंतु न सांगितलेले देणे नाहीसे होत नाही. आयकराच्या मागणीची मुदत टळली की दरमहा शेकडा एक व्याज चढते; ते आपल्या प्रेमाकडे पाहून थांबत नाही. पतीने जे सौम्य शब्दांत सांगावयाचे, ते मग परका मनुष्य वॉरंट वाचून सांगतो.

जप्तीसाठी येणाऱ्या माणसाविषयीही दोन शब्द. तो वैरी नव्हे, हुकुमाचा ताबेदार आहे. त्याला शिव्या देणे, अडविणे वा दार लावून घेणे यांनी काम बिघडते, आणि सरकारी कामात अडथळा आणणे हा गुन्हाही आहे. त्याच्या हाती गुपचूप काही ठेवणे हे तर पापही आणि मूर्खपणाही. त्याला ओसरीवर बसवावे, पाणी द्यावे आणि शांतपणे विचारावे: आपले ओळखपत्र, हुकूम कोणाच्या नावे, कोणत्या वर्षाचा, मूळ रक्कम किती व व्याज किती, मागणीची नोटीस केव्हा बजावली होती. उत्तरे लिहून घ्यावी. कागदाची प्रत मागावी. जी वस्तू आपली स्वतःची आहे ती तशी असल्याचे लेखी सांगावे. पावतीवाचून एक पैसाही देऊ नये. हप्ते मागता येतात, व्याजात सूट मागता येते, भरलेली चलने दाखविता येतात. यांपैकी एकही गोष्ट करावयास धाडस लागत नाही. फक्त शेजारी एक माणूस बसलेला लागतो.

जुनी मागणी दिसली म्हणजे ती खरीच, असेही नाही. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्र सरकारनेच कबूल केले की कितीतरी किरकोळ, न पडताळलेल्या व वादग्रस्त मागण्या, काही तर १९६२ पासूनच्या, दप्तरात पडून आहेत. त्यानुसार २००९-१० पर्यंतच्या वर्षांच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या वर्षांच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या प्रत्यक्ष करांच्या मागण्या, एका करदात्यास एकूण एक लाखाच्या मर्यादेत, मागे घेतल्या गेल्या. जे सरकारास आपल्या दप्तराविषयी कबूल करता येते, ते तपासून पाहावयास आपण का लाजावे?

आमच्या सूचना अल्प आहेत. प्रत्येक सभासदाने येत्या वहीपूजनाच्या दिवशी एक कागद पत्नीच्या हाती द्यावा. कोणत्या वर्षाचा कोणता कर बाकी वा वादात आहे, चलने कोणत्या कपाटात आहेत, हिशेबनीस व वकील कोण, विमा कोणाच्या लाभासाठी आहे, कोणत्या पेढीत वा जामीनपत्रावर तिची सही आहे, हे त्यावर लिहावे आणि तिला वाचून दाखवावे. जेथे तिची सही तिला न समजता घेतली असेल, तेथे ती समजावून द्यावी किंवा मोकळी करून घ्यावी. आणि संघाने तीन-चार जाणत्या सभासदांची एक समिती नेमावी. कोणत्याही सभासदाच्या घरी नोटीस आल्याचे कळताच त्यांपैकी एकाने त्याच दिवशी तेथे जावे. पैसे देण्यासाठी नव्हे, तर कागद वाचण्यासाठी. या समितीत निदान एक स्त्री असावी. कारण उंबरठ्याच्या आतील गोष्ट उंबरठ्याच्या आत जाऊनच विचारावी लागते.

त्या दिवशी आम्ही ओट्यावर उभे होतो. ओट्यापासून त्या दारापर्यंतचे अंतर वीस पावलांचेही नसेल. पुढच्या वेळी आपल्यापैकी कोणीतरी ते चालून जाईल, एवढे जरी या स्मरणिकेच्या वाचनाने घडले, तर आम्हांस समाधान आहे.